राखून ठेवलेलं नाव

बाप्तिस्मा होईपर्यंत आमच्याकडे, ग्रीसच्या टोकाला मानीत, प्रत्येक पोरगा द्राकोस असतो. द्राकोस म्हणजे राक्षस. असं म्हणत राहिलं की मरण त्याच्या वाटेला जात नाही म्हणे. स्ताथिसचा पोरगाही द्राकोसच होता. बेकरीवाल्याकडेही तेव्हा एक द्राकोस होता, म्हणून बायका विचारताना नीट विचारायच्या, "स्ताथिसच्या द्राकोसला दात येतायत का गं?"

स्ताथिसला हे सगळं हसण्यासारखं वाटायचं. कारण त्यानं नाव ठरवलं होतं. आक्सेल.

तो खाली बंदरात मोटरसायकलच्या टाक्या रंगवायचा. कवट्या, ज्वाळा, लांडगे. कुठे शिकला नाही, आपलं आपणच. एकदा एक स्वीडिश माणूस आला, आमच्या कड्यांवर चढायला येतात त्यांच्यातला. टाकीवर काळा कावळा काढून हवा होता. बिलावर लिहायला नाव विचारलं तर म्हणाला, आक्सेल. स्ताथिसनं ब्रश खाली ठेवला. दोन दगड एकमेकांवर आपटावेत तसं नाव. ना गोडवा, ना शेवटी ते आमच्या सगळ्यांच्या नावांना असतं तसलं 'स'चं शेपूट.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. नेफेलीला तेव्हा सातवा महिना होता.

"परत म्हण," ती म्हणाली.

"आक्सेल."

"गावात कुणाचं आहे?"

"गावात काय, अख्ख्या द्वीपकल्पात नसेल."

"मग घे," ती म्हणाली. "पण आईंना तू सांगायचंस. मी त्या वेळी बाथरूममध्ये असेन."

त्याचं कारण नुसती हौस नव्हती. आमच्या मानीत नाव म्हणजे वापरलेला कोट. आजोबाचा, काकाचा, कुणाचा तरी. स्ताथिसला त्याच्या आईच्या मामाचं नाव होतं, युद्धात इथे जर्मनांचा अंमल होता तेव्हा उपाशी मेलेल्या मामाचं. लहानपणी म्हाताऱ्या त्याला रस्त्यात धरायच्या, गालावरून हात फिरवायच्या, "माझा स्ताथिस, माझा स्ताथिस" करत रडायच्या. बघायच्या त्याच्याकडे, पण दिसायचा दुसराच. तो हात सोडवून पळायचा. आपल्या नावाखाली एक मेलेला माणूस झोपलाय आणि आपण त्याच्यावर उभे आहोत, असं त्याला तेव्हापासून वाटत आलं होतं. पोराच्या नावाखाली कुणी नको. एवढंच त्याला हवं होतं.

आणि घरात तर नाव तयार होतं. सारांदोस.

सारांदोस म्हणजे स्ताथिसचा मोठा भाऊ. ऑलिव्ह झोडताना लांब काठी वरच्या विजेच्या तारेला लागली आणि गेला. लग्न नाही, पोर नाही. त्यांच्या बापाचं नाव पिरेअसला असलेल्या बहिणीनं आपल्या मुलाला ठेवलं होतं, त्यामुळे तो प्रश्न मिटलेला. पण सारांदोस हे नाव कबरीवरच्या संगमरवराशिवाय कुठे उरलं नव्हतं. स्तामाता, त्यांची आई, रोज संध्याकाळी तिथल्या दिव्यात तेल घालून यायची आणि येताना मोठ्यानं त्याच्याशी बोलत यायची. भावकीतले लोक समोरून आले तर बाजूला व्हायचे, तिला आणि त्याला दोघांना वाट द्यायचे.

पोरगा झाला तेव्हा शेजाऱ्यांनी हवेत बार काढले, "घरात बंदूक आली" म्हणाले, मुलगा झाला की म्हणतात तसं. स्तामातानं पाळण्यात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "आलास?" बस, एवढंच. कुणाला म्हणाली ते सगळ्यांना कळलं.

रविवारी जेवताना स्ताथिसनं विषय काढला. कोंबडा आणि मॅकरोनी होती. नेफेली खरंच उठून बाथरूममध्ये गेली.

"आई, पोराचं नाव आम्ही ठरवलंय."

"मीठ दे."

त्यानं मीठ दिलं.

"आक्सेल."

स्तामातानं मीठ घातलं, चाखलं. "ते फवारायचं औषध ना? ऑलिव्हच्या माशीवरचं?"

"आई."

"नाही, विचारते. चांगलं लागू पडतं का ते? गेल्या वर्षी आपली निम्मी फळं सडली."

"आई, ते नाव आहे. बाहेर लोक ठेवतात."

"मग बाहेरच्यांनी ठेवावं. त्या नावाचा संत कोण, त्याचा नामदिवस कधी? सांग ना. दिमित्रीला ऑक्टोबरात फोन येतात, वासिलीला एक जानेवारीला. तुझ्या या औषधाला कुठल्या दिवशी कोण फोन करणार? सर्व संतांच्या दिवशी, ज्यांना आपला संत नाही त्यांच्याबरोबर?"

"मी करीन फोन."

"माझं पोर तिथे एकटं पडलंय," स्तामाता म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्याचं नाव घेऊन हाक कोण मारतं? मी. मी गेले की?"

"ते नाव ऐकलं की मला तार दिसते, आई. पोराला हाक मारताना रोज तार बघू?"

"मी बघतेच की."

कोंबडा गार झाला. बाथरूममधून नेफेलीनं नळ सोडल्याचा आवाज येत राहिला.

मग पापा-लिआस आला. आमचा पाद्री, दाढीत नेहमी पावाचा चुरा. कॉफी घेतली, दुसरी घेतली, मग म्हणाला, "आक्सेल नावाचा संत दाखव, मी उद्या पोरगं पाण्यात बुडवतो."

"शोधतो, पापा."

"शोध. सापडला तर मलाही सांग. त्याच्यापुढे मेणबत्ती लावायला मी पहिला."

"आणि नाहीच सापडला तर?"

"तर तुझा पोरगा द्राकोस म्हणून सैन्यात जाईल. वाईट नाही, शत्रू घाबरेल."

असं हसण्यावारी चाललं आणि महिने गेले. बाप्तिस्मा ईस्टरनंतर करू, मग उन्हाळ्यात करू. स्तामाता खालच्या मजल्यावर राहायची, ती वर यायची बंद झाली. पोराला अंगणात आणलं तर मांडीवर घ्यायची, पण हाक मारायची नाही. द्राकोससुद्धा म्हणायची नाही. नेफेली मात्र दूध पाजताना कानाशी कुजबुजायची, "आक्सेल, आक्सेल, पी रे." पाण्यात बुडवायच्या आधी नाव उच्चारायचं नसतं, हे तिलाही माहीत होतं. ती म्हणायची, मी कुठे उच्चारते, मी तर श्वास सोडते.

जुलैमध्ये पोराला ताप आला. आधी वाटलं दातांचा. दुसऱ्या दिवशी दूध सोडलं, मान ताठ केली, रडणं मांजराच्या पिलासारखं बारीक झालं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरनं बघितलं आणि लगेच अँब्युलन्सला फोन लावला. अथेन्स. मेंदूज्वर.

काचेपलीकडे तो पडलेला. डायपर आणि नळ्या, बाकी काही नाही. छाती वरखाली होत होती ती यंत्रामुळे. नेफेलीला दूध साठून ताप भरला होता, नर्सनं तिला बळेबळे शेवटच्या खोलीत नेलं, दूध काढायच्या मशीनवर बसवलं. स्तामाता बसमधून येत होती, गावातल्या देवळातल्या दिव्याचं तेल बाटलीत घेऊन.

दुपारी डॉक्टर आत गेले, बराच वेळ थांबले, बाहेर येताना स्ताथिसकडे न बघता गेले. मग सिस्टर आली. पन्नाशीची, जाडजूड, पायात गुलाबी रबरी चपला.

"बाप्तिस्मा झालाय का?"

"नाही."

"का?"

"नाव ठरत नव्हतं."

ती हसली नाही. "आता ठरवावं लागेल."

"आत्ता?"

"आत्ताच. पाणी लागत नाही, पाद्री लागत नाही. हवेतला बाप्तिस्मा. उचलायचं, नाव घ्यायचं. मी खूप केलेत. पण बाप इथे आहे तर बापानं करावं. नळ्या मी धरते."

"त्याच्या आईला बोलावतो."

"बोलवा. मी थांबीन," सिस्टर म्हणाली. "तो थांबेल का, ते तुम्ही बघा."

स्ताथिसनं काचेतून बघितलं आणि तो थांबला नाही. हात धुतले, हिरवा डगला चढवला, आत गेला.

आता जे त्याच्या डोक्यात आलं ते सांगायचं तर दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली चांगली आहे. त्याला वाटलं, हे पोरगं मातीत जाणार. तिथे एकटं. सारांदोसशेजारी ठेवतील. सारांदोसला पोरं आवडायची, त्याच्या नावाचं पोरगं आलं तर जवळ घेईल. हे त्याला खरंच वाटलं.

दुसरी गोष्ट त्याच क्षणी आली, पहिलीच्या पाठीमागून, पाय न वाजवता. आक्सेल आत्ता दिलं तर गेलं. पुढे दुसरा मुलगा होईल, त्याला ते नाव ठेवता येईल, लोक ठेवतातच. पण मग तेही बाकीच्या नावांसारखंच. खाली एक मेलेला. असं नाव पुन्हा सापडणार नाही. या पोराला ते नाव घेऊन करायचंय काय?

सिस्टरनं नळ्या गोळा करून धरल्या. "नाव?"

"सारांदोस," स्ताथिस म्हणाला.

त्यानं दोन्ही हात खाली घालून पोराला उचललं. तळहातभर वर, नळ्या जेवढ्या जाऊ देतील तेवढं. वजनच नव्हतं. तो टाकी रंगवायला उचलायचा ती रिकामी टाकीही जड असायची. सिस्टर पुढे सांगत गेली आणि तो मागून म्हणत गेला. देवाचा सेवक सारांदोस याचा बाप्तिस्मा होत आहे, पित्याच्या नावानं. खाली. पुन्हा वर, पुत्राच्या. खाली. पुन्हा वर.

दाराशी नेफेली उभी होती. हातात दुधाची छोटी बाटली. ब्लाउज उलटा घातलेला.

"झालं, बाई," सिस्टर तिला म्हणाली. "तुमचा सारांदोस आता देवाच्या पदरात आहे."

नेफेलीनं नवऱ्याकडे बघितलं. बाटली सिस्टरच्या हातात दिली आणि पोराच्या पायाला हात लावून उभी राहिली.

आणि पोरगं मेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मग यंत्र काढलं. मग एका सकाळी त्यानं डोळे उघडून असा काही भोंगा काढला की पलीकडच्या खोलीतल्या आया बघायला आल्या. डॉक्टर म्हणाले औषध लागू पडलं. उजव्या कानानं ऐकू येणार नाही बहुतेक, पण बाकी ठीक. स्तामाता काही औषधबिषध ऐकायला तयार नव्हती. स्ताथिसनं कुठलं नाव घेतलं ते तिला कळलं तेव्हा ती त्या दवाखान्याच्या बोळात, सगळ्यांसमोर, गुडघ्यावर बसली आणि त्याच्या हातांचे मुके घेतले.

"आई, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत. माझ्या सारांदोसनं त्याला दारातून परत पाठवलं. 'माझं नाव घेऊन जा' म्हणाला. आणि तू ते ऐकलंस. मी तुला काय काय बोलले, बाळा."

त्याचे हात तिनं सोडले नाहीत. त्याला ते धुवावेसे वाटत होते.

गावी परतले तेव्हा वेशीवरच गाडी अडवली. बार काढले, पोराच्या अंगावर तांदूळ उधळले. कॉफीवाल्यानं स्ताथिसकडून पैसे घेणं बंद केलं. म्हातारे उठून हात मिळवायचे, "भावाला उभा केलास, शाब्बास," म्हणायचे. आणि बायका. बायका पोराला धरायच्या, गालावरून हात फिरवायच्या आणि रडायच्या. "माझा सारांदोस. तेच कपाळ बघ. तेच कान." पोरगं त्यांच्याकडे टकामका बघायचं. स्तामातानं दुखवट्याचा काळा रुमाल काढून करडा बांधला, आणि संध्याकाळी कबरीवर जायच्या ऐवजी ती वर यायची, पाळण्याशी बसायची. दिवसभराचं सगळं त्याला सांगायची. कुणाची शेळी मेली, कुणी जमीन विकली. जसं कबरीतल्याला सांगायची तसंच.

नेफेली पोराला कुठल्याच नावानं हाक मारत नव्हती. स्ताथिसच्या लक्षात आलं होतं. तो वाट बघत होता की ती विचारेल, आणि विचारू नये म्हणून घरातून लवकर निघत होता.

एका दुपारी गच्चीवर ती कपडे वाळत घालत होती. तो चिमटे देत होता.

"का?" ती म्हणाली. चादरीच्या पलीकडून.

"घाबरलो होतो."

"घाबरलेला माणूस ओरडतो. नाव बदलत नाही."

"तोंडातून आलं, नेफेली. आईचं ऐकून ऐकून."

"आईंनी इतके महिने डोकं फोडलं तेव्हा नाही आलं." तिनं चादर बाजूला केली. "मी भांडत नाहीये. मला नुसतं कळू दे. मी आत मशीनवर बसून त्याला आक्सेल आक्सेल करत होते. मला वाटत होतं, ऐकत असेल. आणि तू पन्नास पावलांवर होतास, मला हाक नाही मारलीस."

तो खोटं बोलू शकला असता. खोटं तयारही होतं, आणि अर्धं खरं होतं. सारांदोसशेजारी एकटं वाटू नये म्हणून. तेवढं सांगितलं असतं तर ती रडली असती आणि त्याला जवळ घेतलं असतं. त्यानं तेवढं सांगितलं. तिनं खरंच डोळे पुसले. हात पुढे केला. आणि तो हात त्याला सहन झाला नाही.

"आणखी एक होतं," तो म्हणाला.

मग ते पण सांगितलं.

नेफेलीनं हात मागे घेतला. ओला टॉवेल पिळलेला होता तो पुन्हा पिळला.

"म्हणजे तू त्याला मेलेला धरलंस."

"डॉक्टरनं पण धरलं होतं."

"डॉक्टर त्याचा बाप नाही." मग टॉवेल दोरीवर टाकत, "आणि चांगलं ते पुढच्यासाठी ठेवलंस."

"हो."

"जसं पाहुण्यांसाठी चांगल्या बश्या ठेवतात."

चिमटे संपले होते. खाली अंगणात स्तामाता पोराला गाणं म्हणून दाखवत होती, सारांदोस लहान असतानाचं.

हवेतला बाप्तिस्मा झाला तरी उरलेला विधी देवळात करावा लागतो. तेल, केस कापणं, मेणबत्त्या. तो सप्टेंबरात ठेवला. गाव लोटलं. विधीच्या आधी पापा-लिआसनं आईबापाला आणि स्तामाताला बाजूला, देवळाच्या भिंतीच्या सावलीत घेतलं. आज दाढी स्वच्छ होती.

"हे बघा," तो म्हणाला. "हवेत दिलेलं नाव मला पुसता येत नाही. पण शेजारी दुसरं लावता येतं. सारांदोस-आक्सेल. संतबिंत राहू दे. तू भावासाठी एवढं केलंस, तर मी पण थोडं बहिरं व्हायला तयार आहे."

स्ताथिसनं आईकडे बघितलं.

"लाव, बाळा," स्तामाता म्हणाली. "मला माझा मिळाला. उरलेला तुझा. फवारणी तर फवारणी." आणि ती हसली, कित्येक वर्षांत हसली नव्हती तशी, सगळे दात दाखवून.

स्ताथिसच्या छातीवरून काहीतरी उतरलं. इतकं सोपं होतं? देता येत होतं, अजूनही देता येत होतं. म्हणजे काही बिघडलं नव्हतं. राखून ठेवलं ते यालाच द्यायला, असं म्हणता आलं असतं. स्वतःलाही म्हणता आलं असतं. त्यानं तोंड उघडलं.

"नको," नेफेली म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"नको, पापा. एकच नाव. सारांदोस."

"अगं, पण तुम्हा दोघांना तर..."

"बापानं दिलं ना तेव्हा. विचार करून दिलं. तेच राहू दे." तिनं स्ताथिसकडे बघितलं. नजर रागाची नव्हती. एखाद्या दुकानदाराकडे बघावं तशी होती, ज्याच्याकडे आपण पुन्हा जाणार नाही. "दुसऱ्याला ठेवलेलं याला नको."

पापा-लिआसला काही कळलं नाही. त्यानं मान डोलावली आणि आत गेला. स्तामाताला मात्र तिच्यापुरतं कळलं. तिनं सुनेला मिठी मारली, करडा रुमाल सुटून खांद्यावर आला. "माझी लेक," ती म्हणत होती, "माझी लेक तू. माझ्या पोरासाठी आपल्या मनातलं नाव सोडलंस." नेफेली त्या मिठीत हात खाली सोडून उभी होती.

पोरगं स्ताथिसच्या कडेवर होतं. बाहेर कुणाला तरी वाटलं विधी झाला, आणि चौकात पहिला बार निघाला, मग चार-पाच एकदम. पोरगं दचकलं, डावा कान त्या बाजूला होता. हातपाय आखडले आणि रडायला लागलं. स्ताथिसनं त्याला छातीशी धरलं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, नाव घेऊन म्हणतात तसं, घाबरू नको रे अमुक, मी आहे.

"श्श," तो म्हणाला. "श्श. श्श."

आतून पापा-लिआसनं हाक मारली. नेफेली पुढे आली, त्याच्या कडेवरून पोरगं घेतलं आणि आत गेली.